मनवर सरांची पट्टी

मनवर सरांबद्दल माझी एक तक्रार आहे. ती आधीच सांगून टाकतो, कारण गेली वीसेक वर्षं मी ती ज्याला त्याला सांगत आलो आहे. नेरला माझ्या दुकानात चहाला बसलेल्या कोणालाही विचारा. ‘त्या मास्तरनं माहा गळा दाबला, नाईतर मी आज कुठल्या कुठं असतो,’ हे वाक्य त्यानं एकदा तरी ऐकलेलं असेल. मागच्या महिन्यापासून मात्र ते मला पूर्ण बोलता येत नाही. मध्येच थांबतो. म्हणून ठरवलं, लिहूनच पाहावं, आणि दर वेळी जे गाळत आलो ते या वेळी गाळू नये.

तेव्हा मी बाभुळगावच्या बाजारात लिलावाची बोली पुकारायचो. बापानं ठेवलेलं शेत नाही, शिक्षण नववीपर्यंत. गळा मात्र असा होता की कापसाच्या गंजीच्या या टोकाला उभा राहून पुकारलं तर त्या टोकाचा झोपलेला हमाल उठून बसायचा. एक दिवस लिलाव संपला तरी एक बुटका माणूस सायकलीला टेकून तसाच उभा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेन, कान किंचित माझ्याकडे कललेला. मी विचारलं, “माल आहे का?”

“नाई. तू कोणत्या पट्टीत वरडतो, मालूम आहे का तुले?”

“पट्टी? मी भावात वरडतो.”

“काळी चार. दोन घंट्यापासून ऐकून राह्यलो, जराबी हालली नाई. रविवारी सकाळी विहारात ये. गायला.”

“काय भेटते?”

“खडीसाखर,” असं म्हणून त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि खरोखरच एक खडा माझ्या हातावर ठेवला.

हे मनवर सर. गावातल्या एका खाजगी शाळेत संगीत शिकवायचे, पण कायम नव्हते. दर जूनमध्ये त्यांना एका वर्षाची नवी ऑर्डर मिळायची, आणि ती मिळेपर्यंत मे महिनाभर बाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, घरात कोणाशी धड बोलायच्या नाहीत. शाळेव्यतिरिक्त त्यांनी मोठ्या माणसांचं एक समूहगानाचं पथक उभं केलं होतं. तीस जण. अंगणवाडीच्या दोन सेविका, एस.टी.तला एक मेकॅनिक, रामदास टेलर, निंदणाला जाणाऱ्या बाया, एक तलाठी. पथकातली निम्मी माणसं बौद्ध घरातली होती आणि निम्मी बाकीच्या गावातली. सगळी विहारातच जमायची, कारण तेवढी मोठी फरशी दुसरीकडे नव्हती.

फरशी लागायची, कारण सर आधी सगळ्यांना उताणं झोपवायचे. प्रत्येकाच्या पोटावर एक वही. श्वास घेताना वही वर गेली पाहिजे, छाती नाही. एकदा पोस्टमन विहाराच्या पत्त्यावरचं पत्र घेऊन आला. दारातून पाहतो तर बाया एकीकडे, पुरुष एकीकडे, तीस माणसं छताकडे डोळे लावून आडवी, आणि मध्ये सर हळूहळू चालतायत. तो तिथूनच ओरडला, “सर, जेवणातून झालं का काही? गाडी बोलावू का?” हसता हसता तिसांच्या तीस वह्या खाली पडल्या. सरांनी पत्र घेतलं आणि म्हणाले, “आता जसं हासले ना, तसंच पोटातून गायचं आहे.”

सर स्वतः कधी गायचे नाहीत. एक ओळसुद्धा नाही. शिकवताना पेटीवर एका बोटानं चाल वाजवून दाखवायचे आणि डाव्या हातानं आम्हाला चालवायचे. तळहात जमिनीकडे झुकला की हळू, बोटं मिटली की थांबा. रामदास टेलरनं एकदा छेडलं, “सर, तुमचा आवाज कपाटात ठेवला का? आमाले बी दाखवा कधी.” सर म्हणाले, “तुमी तीस जण गाणारे. एखादा ऐकणारा पायजे का नाई? मी थे काम घेतलं.”

आणि ऐकण्याची त्यांची एक पद्धत होती. तिच्यावरूनच माझं त्यांच्याशी वाजलं.

पेटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाणं पेटीवरच्या कोणत्या तरी एका कळीपासून सुरू होतं, तिला पट्टी म्हणायचं. काळी एक, काळी दोन, असं वर वर जावं तसं गाणं चढतं, गळा ताणतो, आणि गाण्याला धार येते. बाकीचे मास्तर पट्टी ठरवतात ती चांगल्या गळ्याकडे पाहून. मनवर सर उलटं करायचे. नवीन गाणं बसवायचं म्हटलं की ते रांगेतून चालत जायचे, प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेऊन “आ म्हण, अजून वर, अजून” असं म्हणायचे, आणि ज्याचा आवाज सगळ्यात आधी थकेल त्याच्यापाशी थांबायचे. त्याला झेपेल ती सगळ्यांची पट्टी.

आमच्यात तो आवाज दर वेळी कौसल्याबाईंचा निघायचा. कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या ढिगात वीस वर्षं काढलेली बाई. छातीत रुई बसलेली, पायऱ्या चढली तरी धापा. पण खालच्या सुरात तिचा आवाज असा गोड की ऐकताना माणूस आपोआप सरळ बसावा. वर गेला की चिरायचा. सर तिच्यापाशी थांबायचे, पेटीकडे यायचे, काळी एकवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “ठरलं.”

एका रविवारी ती आलीच नाही. आम्ही एकोणतीस जण उभे, सर पेटी उघडत नाहीत. तलाठी म्हणाले, “सुरू करा ना सर, एक बाई नाही तर काय अडलं?” सर म्हणाले, “पट्टीच नाही आली. कायच्यावर गाता?” चौकशी केली तर तिला ताप. सरांनी पेटी सायकलीला बांधली, आणि आम्ही सगळे तिच्या घरी. अंगणात गोधडी पांघरून बसलेली ती बाई तीस माणसं पाहून घाबरली. “काय झालं बाप्पा? कोन मेलं?” सरांनी तिच्या खाटेशेजारी पेटी मांडली. “कोणी नाई मेलं. तू फक्त आ म्हण. मंग झोप.” ती लाजून “आ” म्हणाली. तापामुळे सूर आणखी अर्धा उतरला होता. त्या दिवशी आम्ही काळी एकच्याही खाली, पांढरी एकवर गायलो. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि तिची सून भिंतीआड तोंडाला पदर लावून रडत होती.

मी मात्र चिडलो होतो. माझी जागा तिच्या शेजारी, तिच्या उजवीकडे. सरांनी मुद्दाम दिलेली. “तुह्या डाव्या कानात कौसल्याबाई ऐकू आली पायजे, वामन. नाई आली तं समज तू जास्त गाऊन राह्यला.” मला तर तिच्याच काय, कोणाच्याच आवाजाशी घेणं नव्हतं. बाजारात शंभर माणसांवरून आवाज फेकणारा मी, आणि इथं एका दमेकरी बाईच्या मापात गायचं!

मग यवतमाळची स्पर्धा आली. जिल्ह्यातली पथकं, मोठं सभागृह, पहिल्या नंबरला ढाल. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तालमीला येऊन सगळ्यांदेखत बोलून गेले, “मास्तर, ढाल आणा. तुमच्या कायमच्या ऑर्डरचं मग मी पाहतो.” अध्यक्ष गेल्यावर सरांनी पेटी पुन्हा उघडली आणि तालीम पहिल्यापासून घेतली. आमच्यातल्या प्रत्येकाला कळलं होतं, या गाण्यावर काय टांगलं आहे. मलाही.

गाणं सरांनीच लिहिलेलं, बेंबळा नदीवरचं. सर पेटीवर फक्त सूर द्यायचे आणि भाता मिटवून टाकायचे. “पेटीनं वाट दाखवावं. कडेवर घेऊ नये,” असं ते म्हणत. सूर मिळाला की पहिली ओळ एकट्यानं उचलायची, दुसरीला सगळ्यांनी यायचं. ती पहिली ओळ त्यांनी मला दिली होती. हे मी लोकांना कधी सांगत नाही. गळा दाबला म्हणतो, आणि तीस जणांतून ओळ मला दिली हे गाळतो.

स्पर्धेच्या सकाळी एस.टी.तून उतरल्या उतरल्या मी सरांना गाठलं. आमच्या आधीची दोन पथकं ऐकून आलो होतो. सगळी वरच्या पट्टीत, खणखणीत.

“सर, काळी तीन घ्या.”

“काळी एक.”

“बरं, तीन राहू द्या. दोनवर या. एकच सूर तं चढते.”

“हे बैलबाजार नाही रे वामन.”

“परीक्षक झोपून राह्यले तिकडं! काळी एकवर गायलो तं त्याईले वाटीन, हे लोक आजारी आहे. तुमचीच ऑर्डर आहे सर, माह्या बापाची नाई.”

सरांनी खिशातून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. “दुसऱ्या कडव्याची वरची ओळ कौसल्याले दोनवर नाई झेपत.”

“तं तिले म्हणा, त्या ओळीपुरती चूप राह्य.”

तेव्हा ते माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे शेतकरी पाहतो ना, माल परत गाडीत भरायच्या आधी, तसं. आणि निघून गेले.

स्टेजवर सरांनी काळी एकचा सूर दिला, भाता मिटवला. मला तो सूर नीट ऐकू आला होता. हे लिहायला मला वीस वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहितो. नीट ऐकू आला होता. मी तो क्षणभर मनात धरला, एक सूर चढवला आणि काळी दोनवर ओळ उचलली.

सरांचा डावा हात हवेत होता तिथंच थांबला. थांबवायची सोय नव्हती. सुरू केलेलं गाणं थांबवलं की पथक बाद, असा नियम होता. त्यांनी एकदा कौसल्याबाईकडे पाहिलं आणि हात खाली आणून सगळ्यांना आत घेतलं. पहिलं कडवं सुंदर गेलं. धार आली होती. परीक्षक सरसावून बसले, आणि मी मनात म्हटलं, पाहा मास्तर, याला म्हणतात सौदा.

दुसऱ्या कडव्याच्या वरच्या ओळीवर माझ्या डाव्या कानाशी काहीतरी फाटलं. कौसल्याबाईचा आवाज चिरला, मग खोकला, मग तो थांबेना. तिच्या पलीकडच्या बाया दचकून खाली घसरल्या, पुरुष वरच राहिले, आणि तीस माणसांचं गाणं दोन तुकडे होऊन सभागृहभर लोंबकळू लागलं. कौसल्याबाई स्टेजवर मटकन खाली बसली. सरांनी बोटं मिटली. सगळं चूप.

आणि मग सर गायले. त्या शांततेत, काळी एकवर, पहिल्यापासून. आम्ही तो आवाज पहिल्यांदा ऐकत होतो. आवाज कसला, अर्धा सूर आणि अर्धा वारा. भात्याला भोक पडावं तसा. आमच्या तिसांत इतका दुबळा आवाज कोणाचा नव्हता, कौसल्याबाईचासुद्धा नाही. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला आणि आम्ही आत आलो. गाणं पूर्ण झालं. पथक बाद झालं.

मागच्या खोलीत अध्यक्ष आले. “मनवर, हे काय झालं?”

“पट्टी चुकली साहेब. माह्याकडून.”

मी पाच फुटांवर पेटीची पेटारी धरून उभा होतो. माझा गळा तेव्हा काळी चारवर दोन घंटे न हलता चालायचा. त्या वेळी त्यातून एक शब्द निघाला नाही.

परतीच्या एस.टी.त कौसल्याबाई पुढच्या सीटवर डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. “माह्यानं झालं सर. मीच बुडवलं.” सर दर वेळी तेच सांगत होते, “नाई बाई, पट्टी माही चुकली.” तिला ते पटलं नाही. कसं पटणार? फाटलेला आवाज तिचा होता, तिनं तो स्वतः ऐकला होता. त्यानंतर ती विहारात आली नाही. जूनमध्ये सरांची ऑर्डर आली नाही. दिवाळीच्या आधी ते पेटी, दोन ट्रंका आणि बाईंना घेऊन पांढरकवड्याला गेले. तिथं एका कृषी केंद्रात बिलं लिहायचं काम मिळालं, असं कानावर आलं.

जाताना मला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. माझी खरी तक्रार तीच होती. शिवी दिली असती, कानाखाली मारली असती, तर मी चार शब्द फेकले असते, आणि काहीतरी कमी-जास्त करून आमचा हिशेब मिटला असता. बाजारात मी असा माणूस पाहिला नाही, जो सगळं नुकसान एकटा उचलतो आणि समोरच्याला बोलायला जागाच ठेवत नाही. त्या रागावर मी वीस वर्षं काढली.

आता जे गाळत आलो, त्यातलं शेवटचं. स्पर्धेनंतर वर्षाभरानं कौसल्याबाई मला बाजारात भेटली. मी तेव्हा स्वतःचा माल घ्यायला लागलो होतो, अंगावर कडक इस्त्री. ती भाजीची पिशवी खाली ठेवून हात जोडून म्हणाली, “वामनभाऊ, तुमी इतकी चांगली ओळ उचलली होती. मी तुमचं गाणं बुडवलं. सरायची नोकरी गेली माह्यापायी. मनात ठेवू नोका.”

आणि मी म्हणालो, “जाऊ द्या बाई. होते असं.”

मी तिला माफ केलं. भर बाजारात, चार माणसांसमोर, मोठ्या मनानं.

गेल्या दोन वर्षांत माझा गळा गेला. पुकारणं आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा, दोन्हींचं फळ. नागपूरला ऑपरेशन झालं. आता बोलतो ते समोरच्याला कान पुढे करून ऐकावं लागतं. दुकानात भाव करताना लोक माझ्या ओठांकडे पाहतात. मागच्या महिन्यात बाभुळगावचा रामदास टेलर भेटला. म्हणाला, कौसल्याबाई वारली, पावसाळ्याआधीच. शेवटपर्यंत कोणी गायला सांगितलं तर म्हणायची, “मी गायलं की दुसऱ्याचं वाटोळं होते.”

त्याच आठवड्याच्या रविवारी मी पांढरकवड्याला गेलो. सरांचं विचारायला लागलो तर पानठेल्यावाल्यानं विहाराकडे बोट दाखवलं. तिथून गाण्याचा नाही, हसण्याचा आवाज येत होता. आत फरशीवर चाळीसेक माणसं उताणी झोपलेली, पोटावर वह्या. जंगलाकडच्या पोडांवरून, म्हणजे पाड्यांवरून, आलेल्या कोलाम बाया, ढाब्यावरची पोरं, एक ट्रक ड्रायव्हर लुंगीतच. मध्ये सर. केस पार पांढरे, उजवा हात लुळा पडलेला, बहुतेक लकवा मारून गेला असावा. डावा तसाच, आधीसारखा हवेत.

त्यांनी मला ओळखलं. “काळी चार,” म्हणाले.

वाटेत शंभर वेळा घोकलेलं वाक्य मी तिथंच, उभ्या उभ्या बोललो. “सर, यवतमाळले पट्टी मी चढवली होती. जाणूनबुजून.”

“मले मालूम आहे. सूर मीच तं देला होता.” त्यांच्या तोंडावर रागाची रेघ नव्हती. मग त्यांनी विचारलं, “कौसल्याले सांगितलं का तू?”

मी मान हलवली. नाही. मग सांगितलं की ती गेली.

सरांनी डावा हात खाली घेतला. खाली झोपलेली माणसं एकेक करून उठून बसली. काय चाललं आहे ते त्यांना कळत नव्हतं. मला वाटलं, आता तरी हा माणूस शिवी देईल. मी तिची वाट पाहत होतो.

“रांगेत उभा राह्य,” सर म्हणाले.

“सर, माहा गळा—”

“उभा राह्य म्हटलं ना.”

सगळे उभे राहिले. मी शेवटच्या टोकाला. सर प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेत, पाय ओढत आले. आ म्हण, अजून वर, अजून. माझ्यापाशी आले. मी “आ” म्हटलं. निघाला तो नुसता वारा, त्यात कुठंतरी तळाशी सूर. दुसऱ्याच पायरीवर तो चिरला. सरांनी कान आणखी जवळ आणला आणि तिथंच थांबले.

मग ते पेटीकडे गेले. पेटी समोरच्या एका पोरीनं धरली होती, भाता ती हलवत होती. सरांच्या डाव्या हाताचं बोट काळी एकवर होतं. ते पांढरी एकवर आलं. तिथून अजून एक कळ खाली उतरलं.

“सर, हे लई खाली होते,” ती पोरगी म्हणाली. “कोणाले मजाच नाई येणार. काळी एक तरी राहू द्या.”

“आजची पट्टी हे आहे,” सर म्हणाले. “ठरलं.”

त्यांनी डावा हात वर केला. चाळीस माणसं माझ्यासाठी खाली उतरली, आणि माझ्या डाव्या कानाशी एक कोलाम बाई गाऊ लागली. ती स्वच्छ ऐकू येत होती.